डेबियनचे कोठार : शाखा, याद्या आणि राखणदार



हमाल-मापाड्यांच्या संघटनेत उभा जन्म घालविलेल्या माणसाने संगणकावर बोलावे, हे आपणांपैकी अनेकांस चमत्कारिक वाटेल. परंतु विषय संगणकाचा दिसत असला तरी वास्तविक तो कोठाराचा आहे. आणि कोठार म्हणजे काय, हे बाजार समितीच्या आवारात पाठीवर गोणी वाहणाऱ्यास जितके कळते तितके क्वचितच कोणास कळत असेल. माल आला कोठून, तोलला कोणी, पावतीवर सही कोणाची, थप्पी कोणत्या गाळ्यात लागली आणि आत सडका माल निघाला तर जाब कोणी द्यावयाचा, या प्रश्नांत आमचे आयुष्य गेले. तेच प्रश्न आज आम्ही डेबियन नावाच्या एका संगणक-प्रणालीस विचारणार आहोत.

संगणकाचे यंत्र आणि आपण यांच्यामध्ये राहून जी मूळ व्यवस्था सगळी कामे वाटून देते तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कळफलकावर बोट पडले की पडद्यावर अक्षर उमटावे, कागद छापून निघावा, हिशेबाची फाईल ठेवल्या जागी सापडावी, ही सारी तिची कामे. बहुतेक कचेऱ्यांत विंडोज असते. ती एका कंपनीची मालमत्ता आहे. तिच्या पोटात काय आहे ते आपणांस पाहता येत नाही, आणि कंपनीने देखभाल थांबविली की आपणही थांबतो. विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी थांबली, तेव्हा आमच्या कचेरीतील दोन जुनी यंत्रे धडधाकट असूनही मोडीत काढण्याची वेळ आली. त्या निमित्ताने आम्ही डेबियनकडे वळलो. शाळा सातवीलाच सुटलेली. म्हणून शब्दकोश उशाशी घेऊन तिची माहितीपुस्तके वाचू लागलो. आज जे सांगणार आहोत ते त्या वाचनातले आणि पाच-सहा वर्षांच्या वापरातले आहे.

डेबियन ही मुक्त प्रणाली. मुक्त म्हणजे फुकट एवढाच अर्थ घेऊ नये. जिचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स, कोणीही वाचावा, बदलावा, दुसऱ्यास द्यावा, अशी परवानगी लेखी दिलेली असते ती मुक्त. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाने १९८३ साली ग्नू या नावाने अशा प्रणालीची घोषणा केली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा गाभा लिहिला. परंतु चाक, साटा आणि जू वेगवेगळ्या गावी तयार झाले म्हणून गाडी चालू लागत नाही. कोणीतरी ते सारे एकत्र आणून सांधावे लागते. ते काम इयान मर्डॉक या विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी जाहीर केले, आणि आपल्या व आपल्या मैत्रिणीच्या, डेब्राच्या, नावाची अक्षरे जोडून त्याचे नाव डेबियन ठेविले. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तिच्या आवृत्तीत ६९,००० हून अधिक पॅकेजे आहेत.

पॅकेज म्हणजे बांधलेली गोणी. तिच्या आत प्रत्यक्ष माल असतो, म्हणजे आज्ञावलीच्या फायली, आणि तोंडाशी एक चिठ्ठी असते. चिठ्ठीवर पॅकेजचे नाव, आवृत्तीचा आकडा, हे चालण्यासाठी आणखी कोणती पॅकेजे लागतील त्यांची यादी, आणि मेंटेनरचे नाव. मेंटेनर म्हणजे त्या पॅकेजचा राखणदार. तो बहुधा मूळ आज्ञावली लिहिणारा नसतो. लिहिणारा कोठेतरी दूर असतो. शेतकरीच म्हणा ना. राखणदार त्याच्याकडून माल घेतो, निवडतो, डेबियनच्या नियमांप्रमाणे गोणी भरतो, शिवतो, आणि पुढे तक्रार आली तर उत्तर देतो. गोणीवर राखणदाराचे नाव हवेच हवे, असा तेथे नियम आहे. आमच्या आवारात हा नियम असता तर निम्मे तंटे झाले नसते.

या साऱ्या गोण्या जेथे ठेवतात ते कोठार, म्हणजे रिपॉझिटरी. आता येथे एक बारकी पण मुद्द्याची गोष्ट आहे. डेबियनच्या अनेक शाखा आहेत असे ऐकले की ऐकणाऱ्यास वाटते, प्रत्येक शाखेचे गोदाम वेगळे असेल. २००० सालापर्यंत बऱ्याच अंशी तसे होतेही. त्या वर्षाच्या अखेरीस व्यवस्था बदलली. आता सगळ्या गोण्या एकाच मोठ्या आवारात राहतात. त्या आवारास पूल असे नाव आहे. शाखा म्हणजे केवळ याद्या. अमुक शाखेच्या यादीत हिशेबाच्या पॅकेजची चौथी आवृत्ती, तमुक शाखेच्या यादीत त्याचीच पाचवी. दोन्ही गोण्या मात्र एकाच छपराखाली. एखादी आवृत्ती या शाखेतून त्या शाखेत गेली, असे म्हणतात तेव्हा गोणी हललेली नसते, फक्त नोंदवहीत ओळ चढलेली असते. कोठाराची खरी राखण मालाची नसून वहीची असते, हे आमच्या मापाडी बांधवांना वेगळे सांगावयास नको.

वही खोटी निघाली तर? त्याचा बंदोबस्त मोठा सुरेख आहे. प्रत्येक गोणीचा एक लांबलचक आकडा काढतात. तो असा की आतील एक अक्षर बदलले तरी सगळा आकडा बदलावा. हे सर्व आकडे यादीत लिहितात. मग त्या संपूर्ण यादीचा तसाच आकडा काढून तो रिलीज नावाच्या एका लहानशा फायलीत ठेवितात, आणि त्या फायलीवर डेबियनच्या गुप्त किल्लीने मोहोर उठवितात. आपल्या यंत्रावर त्या मोहोरेची ओळख पटविणारी उघड किल्ली आधीच असते. यंत्र आधी मोहोर तपासते, मोहोरेवरून यादी, यादीवरून गोणी. २००७ च्या एच या आवृत्तीपासून ही तपासणी डेबियनमध्ये आपोआप होते. यामुळेच जगभर कोणीही डेबियनच्या कोठाराची नक्कल आपल्या संगणकावर ठेवू शकतो. अशा नकलेला मिरर म्हणतात, आणि तो ठेवणारा सज्जन आहे की नाही याची चौकशी आपणांस करावी लागत नाही. वाटेत कोणी गोणी उसवली तर काटा ती नाकारतो.

आता शाखा. मुख्य शाखा तीन. नवी गोणी आली की ती प्रथम अनस्टेबल, म्हणजे अस्थिर शाखेच्या यादीत चढते. तेथे काही दिवस काढल्यावर ती टेस्टिंगमध्ये, म्हणजे परीक्षेच्या शाखेत जाते. आणि साधारण दोन वर्षांनी परीक्षेची सबंध शाखा स्टेबल, म्हणजे स्थिर, म्हणून जाहीर होते. चांदवड-लासलगावच्या पट्ट्यात हे समजावण्यास अडचण पडू नये. खरिपाचा लाल कांदा शेतातून निघाला की ताजा, रसरशीत, पण टिकाऊ नव्हे. तो तडक बाजारात न्यावा लागतो. उन्हाळ कांद्याचे तसे नाही. तो काढल्यावर पातीसकट शेतातच काही दिवस सुकवितात, माना वाळू देतात, गोल्टी आणि सडका निवडून काढतात, आणि मग चाळीत भरतात. तो पावसाळा काढतो. अस्थिर शाखा हा लाल कांदा, स्थिर शाखा ही चाळ. आणि मधले जे सुकविणे, तीच परीक्षा.

या सुकविण्याचेही नियम ठरलेले आहेत. गोणी किती निकडीची आहे त्यावरून तिने अस्थिर शाखेत साधारणपणे दोन, पाच किंवा दहा दिवस काढावयाचे. त्या मुदतीत तिच्यात नवा गंभीर दोष सापडता कामा नये. डेबियन ज्या ज्या जातींच्या यंत्रांवर चालते त्यांवर ती तयार झालेली असली पाहिजे. आणि ती पुढे गेल्यामुळे दुसरी कोणती गोणी उघडी पडता कामा नये. यांतील बहुतेक तपासणी आज्ञावलीच करते. माणसाचा वशिला चालत नाही. पुढे सबंध शाखा गोठवितात. गोठविणे म्हणजे नवा माल बंद, फक्त दोष काढावयाचे. हा काळ काही महिन्यांचा, कधी त्याहून मोठा. वुडी ही आवृत्ती २००२ साली आली आणि तिच्यानंतरची सार्ज २००५ साली. त्या तीन वर्षांत डेबियनला लोकांनी गोगलगाय म्हणून हिणविले, परंतु गोगलगाय चाळीत सडका कांदा भरत नाही.

नावांची मौज सांगून पुढे जाऊ. प्रत्येक आवृत्तीस टॉय स्टोरी या बोलपटातील खेळण्याचे नाव देतात. २०२१ ची बुल्सआय, २०२३ ची बुकवर्म, २०२५ ची ट्रिक्सी. अस्थिर शाखेचे नाव मात्र कधीच बदलत नाही. ते सिड. सिड हा त्या कथेतील शेजारचा मुलगा, खेळणी मोडणारा.

येथवर कोठार झाले. आता आपल्या बाजूची गोष्ट, जिला आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. कोठार कितीही चोख असो, आपले यंत्र त्यातील कोणत्या यादीवर माल उचलणार, हे ठरते एका लहानशा फायलीत. तिचे नाव सोर्सेस-लिस्ट. तिच्यात चार-सहा ओळी असतात. प्रत्येक ओळीत कोठाराचा पत्ता, शाखेचे नाव आणि विभाग. वाचावयास अर्धे मिनिट लागते, आणि तरीही शंभरांतील नव्वद लोक ती कधी उघडीत नाहीत.

त्याचा परिणाम काय होतो ते आम्ही आमच्या कचेरीत पाहिले. आमच्या यंत्रांवर बस्टर ही २०१९ ची आवृत्ती होती. २०२१ च्या ऑगस्टमध्ये बुल्सआय आली. यंत्रे पाहण्यास एक दुरुस्तीवाले गृहस्थ येत. त्यांनी फाईल उघडली, जेथे जेथे बस्टर होते तेथे तेथे बुल्सआय लिहिले, आणि ते निघून गेले. यंत्र चालू राहिले. परंतु सुरक्षेच्या दुरुस्त्या ज्या ओळीवरून येतात तिची लिहिण्याची पद्धत डेबियनने त्याच आवृत्तीत बदलली होती. पूर्वी बस्टर-तिरपी रेघ-अपडेट्स असे लिहीत; आता बुल्सआय-सिक्युरिटी असे लिहावयाचे होते. जुन्या पद्धतीने नवे नाव घातलेली ओळ कोठारात अस्तित्वातच नसलेल्या यादीकडे बोट दाखवीत होती. यंत्र दर वेळी तसे सांगे. इंग्रजीत, दोन ओळींत. कोणी वाचीत नसे.

पुढे २५ जानेवारी २०२२ रोजी पोलकिट नावाच्या पॅकेजमधील एक भयंकर दोष जाहीर झाला. त्याच्या आधारे यंत्रावरील कोणताही साधा वापरकर्ता सबंध यंत्राचा धनी होऊ शकत असे. डेबियनने त्याच दिवशी दुरुस्ती सुरक्षेच्या यादीत चढविली. ज्यांची ओळ बरोबर होती त्यांना ती मिळाली. आमच्या यंत्रांना मिळाली नाही. दोन-अडीच महिन्यांनी डेबियन किरकोळ आवृत्ती काढते आणि साठलेल्या दुरुस्त्या मुख्य यादीत घेते. त्या हिशेबाने मार्चअखेरीस ती आली. मधले दोन महिने सभासदांची नावे, बँकेचे खाते-क्रमांक, हजेरी आणि मजुरीचे हिशेब अशा यंत्रावर होते की ज्याचे दार नुसते लोटलेले होते. चोर आला नाही, हे खरे. पण चोर न येणे याला बंदोबस्त म्हणत नाहीत.

त्याच फायलीत आणखी एक निर्णय दडलेला असतो. शाखेच्या जागी आवृत्तीचे नाव लिहिता येते, उदाहरणार्थ बुकवर्म. किंवा नुसते स्टेबल असेही लिहिता येते. दिसावयास दोन्ही सारखे. फरक पुढे पडतो. बुकवर्म लिहिलेले यंत्र बुकवर्मवरच राहते. स्टेबल लिहिलेल्या यंत्रापुढे, ज्या दिवशी ट्रिक्सी स्थिर म्हणून जाहीर झाली त्या दिवशी, म्हणजे ९ ऑगस्ट २०२५ रोजी, सगळीच चाळ बदलली. अलीकडे ॲप्ट हा माल आणणारा कारकून अशा वेळी थांबून विचारतो की, कोठारावरील नाव बदलले आहे, चालेल काय? पण घाईत 'हो' म्हणणारी माणसे असतातच. आणि मग ऐन पगारपत्रक काढण्याच्या दिवशी हजारभर पॅकेजे बदलू लागतात. आमचे मत स्पष्ट आहे : ज्या यंत्रावर दुसऱ्यांच्या पोटाचा हिशेब आहे तेथे आवृत्तीचे नावच लिहावे, आणि बदल करावयाचा तो आपण दिवस ठरवून, नक्कल काढून करावा. घरी शिकण्यासाठी यंत्र असेल तर खुशाल सिड लिहा. मोडेल, आणि मोडल्याने शिकाल.

दोन शाखांची सरमिसळ करण्याचा मोह पुष्कळांना होतो. एखादी आज्ञावली अगदी ताजी हवी असते, म्हणून ते फायलीत सिडची एक ओळ घुसडतात. एक गोणी उचलावी तर तिच्या चिठ्ठीवर मूळ ग्रंथालयाची नवी आवृत्ती मागितलेली असते. ग्रंथालय म्हणजे ज्यावर इतर शेकडो पॅकेजे उभी असतात तो पाया. पाया बदलला की भिंती हलल्या. डेबियनची मंडळी अशा यंत्रास फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसावरून फ्रँकनडेबियन म्हणतात. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्यासाठी बॅकपोर्ट्स नावाची यादी आहे. तिच्यात नवी आज्ञावली स्थिर शाखेच्या पायावर पुन्हा बांधून ठेवलेली असते. शिवाय कोणत्या यादीस किती मान द्यावयाचा याचे आकडेही लिहून ठेवता येतात. साध्या यादीस ५००, आपण मुद्दाम निवडलेल्या शाखेस ९९०. आणि १००० च्या वर आकडा गेला की यंत्र नव्या आवृत्तीवरून जुनीवरही उतरते. या आकड्यांत फार खोल जाण्याचे कारण नाही. ज्याला ते लागतात त्याने पुस्तक वाचूनच हात घालावा.

आता ज्या प्रकरणामुळे हा विषय आम्ही निवडला ते सांगतो. एक्सझेड नावाचे एक लहान पॅकेज आहे. फाईल दाबून लहान करणे हे त्याचे काम. अत्यंत नीरस, पण जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर ते असते. ते अनेक वर्षे लासे कॉलिन हे फिनलंडमधील गृहस्थ एकट्याने, बिनपगारी सांभाळीत होते. २०२१ च्या सुमारास जिया टॅन असे नाव सांगणारी एक व्यक्ती मदतीस आली. काम चांगले करी. २०२२ साली काही अनोळखी नावांनी कॉलिन यांच्यावर ताशेरे सुरू झाले : तुम्ही फार हळू काम करता, दुसऱ्याच्या हाती द्या. कॉलिन यांनी उत्तर दिले की आपली मानसिक प्रकृती बरी नाही, आणि हे काम आपण छंद म्हणून, विनामोबदला करतो. ताशेरे थांबले नाहीत. हळूहळू किल्ल्या जिया टॅनच्या हाती गेल्या. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये त्या नावाने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या निघाल्या. त्यांच्या पोटात चोरदार होते. ज्याच्याकडे विशिष्ट गुप्त किल्ली असेल त्याला दूरवरून, परवानगीशिवाय, यंत्रात शिरता यावे असे.

मोहोर बरोबर होती. तोल बरोबर होता. सही करणारा अधिकृत होता. माल तेवढा विषारी होता.

ही गोणी डेबियनच्या अस्थिर शाखेत चढली, आणि परीक्षेच्या शाखेतही गेली. स्थिर शाखेत ५.४.१ ही जुनी आवृत्ती होती, तिला धक्का लागला नाही. मार्चअखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या सिड चालविणाऱ्या यंत्रावर दूरवरून प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, असे दिसले. अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी तिकडे दुर्लक्ष केले असते. त्याने मुळाशी जाऊन २९ मार्च २०२४ रोजी सारा प्रकार उघडकीस आणला. डेबियनने ती गोणी लगेच मागे घेतली. पण वहीत आकडा मागे जात नाही. नव्या गोणीचा आकडा जुनीपेक्षा मोठाच हवा. म्हणून तिच्यावर '५.६.१ अधिक रिअली ५.४.५' असे लिहिले. रिअली म्हणजे खरे पाहता. आम्ही अनेक वह्या पाहिल्या. इतकी प्रामाणिक नोंद दुसऱ्या कोणत्या वहीत पाहिल्याचे आठवत नाही.

हळू चालणाऱ्या शाखेने त्या वेळी लक्षावधी यंत्रे वाचविली. म्हणून हळूपणा म्हणजेच सुरक्षितता, असे मात्र कोणी समजू नये. २००६ साली डेबियनच्याच एका राखणदाराने ओपनएसएसएल या पॅकेजमधील दोन ओळी गाळल्या. हेतू वाईट नव्हता. तपासणीची आज्ञावली त्या ओळींविषयी तक्रार करीत होती. परंतु गुप्त किल्ल्या बनविण्यासाठी लागणारी यदृच्छा त्या ओळींतूनच येत होती. त्या गेल्यावर किल्ल्यांचे प्रकार एका जातीच्या यंत्रावर सुमारे ३२,००० एवढेच उरले. संगणकास एवढ्या किल्ल्या चालवून पाहणे म्हणजे काहीच नाही. तो दोष सुकविण्याचे सर्व दिवस काढून २००७ च्या स्थिर आवृत्तीत गेला आणि १३ मे २००८ रोजी उघड झाला. मुदत पुरी झाली, तपासनीस यंत्रे खूश होती; पण जाणत्या माणसाने ते दोन ओळींचे गाळणे डोळे उघडे ठेवून वाचले नव्हते. शाखा वेळ देते. त्या वेळात पाहावयाचे कोणी, हा प्रश्न तसाच उरतो.

आणि येथे आम्ही आमच्या धंद्यावर येतो. डेबियनमध्ये सुमारे हजार अधिकृत डेव्हलपर आहेत. त्यांना १९९८ पासून लेखी घटना आहे. प्रमुखाची दरवर्षी निवडणूक होते, आणि मतदार उमेदवारांना पसंतीक्रम लावतात. नव्या सभासदाची ओळख जुन्या सभासदांनी पटवून त्याच्या किल्लीवर सही करावी लागते. घटनेत असेही कलम आहे की कोणावरही काम करण्याची सक्ती नाही. मात्र घटनेच्या नियमांविरुद्ध आणि त्यांप्रमाणे झालेल्या निर्णयांविरुद्ध मुद्दाम काम करू नये. हे कलम आम्ही प्रथम वाचले तेव्हा हसू आले. आमच्या संघटनेत असे कलम घातले तर वर्गणी कोण गोळा करील? पण पाव शतकाहून अधिक काळ हा कारभार त्या कलमावर चालला आहे, हे नाकारता येत नाही.

तरी पैशाचा प्रश्न त्यांनाही सुटला नाही. २००६ साली एच ही आवृत्ती वेळेवर निघावी म्हणून, तिची जबाबदारी असलेल्या दोघांना एकेक महिना पगार देऊन पूर्णवेळ बसवावे, अशी योजना काहींनी काढली. डंक-टँक असे तिचे नाव. झाले! इतरांनी विचारले, आम्ही फुकट राबावे आणि दोघांनाच दाम का? काहींनी हात आखडता घेतला. डिसेंबर २००६ मध्ये यावयाची आवृत्ती एप्रिल २००७ मध्ये आली. आमच्या मते चूक दाम देण्यात नव्हती, दोघांनाच आणि आपल्या मर्जीने देण्यात होती. एका टोळीतील दोन हमालांना व्यापाऱ्याने परस्पर बक्षिसी दिली की टोळी फुटते, हे कोणताही मुकादम सांगेल.

पुढे २०१४ पासून जो मार्ग सापडला तो आम्हांस ओळखीचा वाटतो. स्थिर आवृत्ती तीन वर्षे सांभाळल्यावर आणखी दोन वर्षे तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याचे काम सुरू झाले. ते कंटाळवाणे, छंद म्हणून कोणी करावयास धजेना. तेव्हा ज्या कंपन्यांना जुनी आवृत्ती चालवावयाची आहे त्यांच्याकडून पैसे गोळा करून, फ्रेक्सियन या फ्रेंच संस्थेमार्फत, काम करणाऱ्यांना तासांच्या हिशेबाने ते दिले जाऊ लागले. आपल्याकडे १९६९ च्या माथाडी कायद्याने हेच केले. व्यापाऱ्याने मजुरी आणि लेव्ही मंडळात भरावी, मंडळाने कामगारास द्यावी. एका धन्याच्या मेहेरबानीवर कोणी राहू नये. साम्य पूर्ण नाही. फ्रेक्सियन हे कायद्याने नेमलेले मंडळ नव्हे, आणि तेथे भविष्यनिर्वाह निधीही नाही. परंतु बुकवर्म चालविणाऱ्या शाळेस किंवा दवाखान्यास जून २०२८ पर्यंत ज्या दुरुस्त्या मिळावयाच्या त्या या मोबदल्याच्या जोरावर मिळतात. लासे कॉलिन यांच्यासारख्या दूरच्या शेतकऱ्यापर्यंत मात्र अशा व्यवस्थेतून सहसा काही पोहोचत नाही. चोर शिरला तो तेथूनच.

आपल्या देशाचे आणि भाषेचे या कोठाराशी काय नाते आहे, ते थोडक्यात सांगतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने बॉस नावाची प्रणाली काढली. ती डेबियनवर उभारलेली आहे. म्हणजे डेबियनच्या चाळीतून माल घेऊन आपल्या वहीत चढवावयाचा. अशा प्रत्येक पोटकोठारापुढे एक कायमचे काम असते : वर दुरुस्ती आली की खाली ती किती दिवसांत उतरवितो. नाव भारतीय ठेवल्याने ते दिवस कमी होत नाहीत. त्याच सी-डॅकच्या मुंबई केंद्रातील जनभारती या प्रकल्पाने डेबियन यंत्रावर बसविताना पडद्यावर येणारी वाक्ये मराठीत आणली, आणि २००९ च्या लेनी आवृत्तीपासून ती स्थापना मराठीतून करता येऊ लागली. मराठी अक्षरांसाठी लोहित हा टंक कोठारात आहे. त्याच्यात मराठी वळणाचा ल आणि श यांची वेगळी गोणीही आहे.

परंतु भाषांतर हेही पॅकेजच. प्रत्येक आवृत्तीत जुनी वाक्ये बदलतात, नवी येतात. ज्यांच्या भाषांतराकडे पाहणारे कोणी उरले नाही अशा काही भाषा स्थापनेच्या यादीतून काढाव्या लागल्याही आहेत. ज्या पॅकेजांना राखणदार उरला नाही त्यांचीही डेबियन एक उघड यादी ठेविते, आणि तिच्यासमोर कोणीही आपले नाव घालू शकतो. अधिकृत डेव्हलपर होण्यास वर्षे लागतात, हे खरे. भाषांतरास तसे नाही. त्यास आज्ञावली लिहिता यावी लागत नाही. मराठी यावी लागते, आणि इंग्रजी वाक्य नीट समजावे लागते. येथील अभियांत्रिकी महाविद्यालयातील मुलांपैकी चौघे-पाच जण आणि त्यांच्या जोडीला एखाद्या निवृत्त शिक्षिकाबाई बसल्या, तर एका हिवाळ्यात फायली तपासून होतील. वाद होतील ते शब्दांचे. मिररला आरसा म्हणावे तर हमाल हसेल, प्रतिकोठार म्हणावे तर विद्यार्थी हसतील. आणि मिररच ठेवावे तर मग भाषांतर कशाला, असे विचारणाराही एक जण निघेलच.